ताई आठ वेळा खासदार, मग चेंबर तुंबलं की फोन कुणाला?

पावसाळ्यातली सकाळ होती. रात्रभराच्या पावसानं इंदुरातल्या आमच्या कॉलनीतलं ड्रेनेजचं चेंबर तुंबलं आणि समोरच्या काकूंच्या अंगणात घाण पाणी शिरलं. साडी वर खोचून, हातात खराटा घेऊन काकू फाटकात उभ्या होत्या. मला बघताच म्हणाल्या, "काय गं, आपल्या ताई तीस वर्षं दिल्लीत होत्या ना? दर वेळी रांगेत उभं राहून मतं दिली आपण. मग हे चेंबर कुणाच्या हातात आहे? फोन करायचा तरी कुणाला?"

"पार्षदाला करा काकू," एवढंच तेव्हा मी म्हटलं. (पार्षद म्हणजे नगरसेवक.) उत्तर बरोबर होतं, पण फार तोकडं होतं. काकू शिकलेल्या आहेत, चाळीस वर्षांत एकदाही मतदान चुकवलेलं नाही. तरी कुठल्या खुर्चीत काय ताकद असते हे त्यांना कुणी नीट सांगितलेलंच नाही. खरं तर आपल्यापैकी बहुतेकांना नाही. म्हणून ताईंचीच कारकीर्द समोर ठेवून ते उलगडून सांगते. एकाच बाईच्या आयुष्यात गल्लीपासून दिल्लीपर्यंतच्या इतक्या खुर्च्या येणं दुर्मीळ, त्यामुळे समजावायला याहून चांगलं उदाहरण मला सापडत नाही.

ताई म्हणजे सुमित्रा महाजन. इंदुरात नुसतं 'ताई' म्हटलं तरी पुढचं नाव सांगावं लागत नाही, मग बोलणारा मराठी असो, माळवी असो की सिंधी. जन्म १२ एप्रिल १९४३ चा, कोकणात चिपळूणला. माहेरच्या साठे. लग्न होऊन इंदूरच्या महाजनांकडे आल्या, यजमान जयंत महाजन वकील. त्यांनी स्वतः इंदूर विद्यापीठातून एम. ए. आणि एलएल. बी. केलं. १९८२ साली महापालिकेत पार्षद, १९८४-८५ मध्ये उपमहापौर, १९८५ ला विधानसभेच्या निवडणुकीत पराभव, १९८९ पासून २०१४ पर्यंत लोकसभेच्या सलग आठ निवडणुका एकाच मतदारसंघातून आणि एकाच पक्षाकडून जिंकल्या, मध्ये १९९९ ते २००४ केंद्रात राज्यमंत्री, आणि २०१४ ते २०१९ लोकसभेच्या अध्यक्ष. २०२१ ला पद्मभूषण.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. आम्ही घरात मराठी बोलतो, पण नगरसेवकाला पार्षद म्हणतो, आमदाराला विधायक, खासदाराला सांसद आणि महापालिकेला नुसतं निगम. "निगममध्ये जाऊन येते" हे आमचं मराठीच आहे. या लेखात दोन्ही शब्द येतील, गोंधळू नका.

आता पार्षद. ही सगळ्यांत खालची खुर्ची मानतात, मला ती सगळ्यांत कठीण वाटते. कारण विधायक किंवा सांसदाला तुम्ही गाठायला जाता, पार्षदाच्या दाराशी मात्र लोक दात घासतानाच येऊन उभे राहतात. नळाला पाणी आलं नाही, गल्लीतला दिवा बंद आहे, कचऱ्याची गाडी आली नाही, रस्ता खणून तसाच ठेवला, म्हातारीच्या पेन्शनच्या फॉर्मवर सही हवी. इंदूरला पाणी येतं ते नर्मदेचं, सत्तरेक किलोमीटरवरून, डोंगर चढवून आणलेलं. त्यामुळे एका दिवशी पंपात बिघाड झाला की अख्ख्या शहरात हाक जाते आणि ती हाक सगळ्यांत आधी पार्षदाच्या कानावर येते.

पण पार्षदाच्या हातात सत्ता किती? इथेच लोक फसतात. आज इंदूर निगमचे ८५ वॉर्ड आहेत, म्हणजे ८५ पार्षद. एकटा पार्षद कुठल्या कामाचा ठेका देऊ शकत नाही, कुणा इंजिनिअरची बदली करू शकत नाही. निर्णय होतात ते महापौर आणि त्यांनी निवडलेल्या मोजक्या पार्षदांच्या समितीत, तिला आमच्याकडे मेयर इन कौन्सिल म्हणतात. महाराष्ट्रात स्थायी समितीला जे वजन आहे, साधारण तसं वजन इथे या समितीला. प्रत्यक्ष यंत्रणा चालवतात आयुक्त, आणि त्यांना नेमतं राज्य सरकार. पार्षदाचं भांडवल एकच, ते म्हणजे पाठपुरावा. झोन ऑफिसात जाऊन बसणं, दरोग्याला, म्हणजे सफाईवरच्या मुकादमाला, फोन करणं, परिषदेच्या सभेत उभं राहून तेच काम पुन्हा पुन्हा मांडणं. जो पार्षद हे करतो त्याच्या वॉर्डात काम होतं, मग तो कुठल्या का पक्षाचा असेना.

ताई या खुर्चीत आल्या तेव्हा बायकांसाठी राखीव जागा नव्हत्या. हे आज सहज विसरलं जातं. एक-तृतीयांश जागा बायकांसाठी ठेवायची घटनेतली सक्ती आली १९९३ मध्ये, चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीनं. म्हणजे ताई त्याच्या दहाएक वर्षं आधी निगममध्ये होत्या. त्या काळी महापौर आणि उपमहापौर थेट जनता निवडत नसे, पार्षदच आपल्यातून निवडत. आता मध्यप्रदेशात महापौराला तुम्ही-आम्ही थेट मत देतो, आणि उपमहापौर हे पद उरलेलंच नाही. परिषदेची सभा चालवायला सभापती असतात. थेट निवडीमुळे महापौराची ताकद खूप वाढली. महाराष्ट्रातले महापालिकेचे महापौर पार्षदांच्या मतांवर येतात आणि त्यांचा बराच वेळ समारंभांत जातो. इंदूरचा महापौर पाच वर्षं शहराचा कारभारी असतो.

याचं उदाहरणही एका बाईचंच आहे. मालिनी गौड २००८ पासून 'इंदूर चार' या विधानसभा मतदारसंघाच्या विधायक. त्याच वर्षी त्यांचे यजमान, राज्याचे शिक्षणमंत्री लक्ष्मणसिंह गौड, अपघातात गेले आणि त्यांच्या जागी त्या उभ्या राहिल्या. विधायक असतानाच २०१५ मध्ये त्या महापौर झाल्या. देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून इंदूरला २०१७ पासून सलग पहिला क्रमांक मिळू लागला, तो त्यांच्याच काळात. श्रेय एकटीचं नाही, आयुक्तांचं आहे, पहाटे चारला झाडू हातात घेणाऱ्या सफाई कामगारांचं आहे, आणि ओला-सुका कचरा वेगळा करण्याची सवय लावून घेतलेल्या घरोघरच्या बायकांचंही आहे. पण रस्त्यावरच्या कचरापेट्या काढून टाकायच्या, गाडी दारापर्यंत आणायची, दंड लावायचा, हे निर्णय निगमच्या पातळीवरच झाले. दिल्लीतल्या खासदारानं ठरवून हे झालं नसतं, कारण कचरा हा विषय त्यांच्या खुर्चीचा नाहीच.

काकूंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आलं. उरलेलं अर्धं घटनेच्या सातव्या परिशिष्टात आहे. त्यात देशाच्या कामांची वाटणी आहे. संरक्षण, रेल्वे, टपाल, परराष्ट्र व्यवहार, विमानसेवा ही केंद्राची कामं. पोलीस, सरकारी दवाखाने, शेती, जमिनीचे कागद, पाणी आणि महापालिकांबद्दलचे कायदे ही राज्याची. शिक्षण, जंगल, लग्न-वारसाचे कायदे दोघांचे, आणि तिथे भांडण झालं तर सहसा केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. म्हणजे पटवाऱ्यानं (तुमच्याकडच्या तलाठ्यानं) जमिनीची नोंद अडवली तर सांसदाकडे जाऊन उपयोग नाही, विधायक गाठायचा. रेल्वेचा थांबा हवा तर विधायक फार तर पत्र लिहील. ही वाटणी नीट डोक्यात बसली की निम्मी निराशा कमी होते, आणि जाब योग्य माणसाला विचारता येतो.

राज्याची ही मधली खुर्ची ताईंना कधी मिळालीच नाही. १९८५ मध्ये इंदूर तीनमधून त्या काँग्रेसच्या महेश जोशींविरुद्ध उभ्या राहिल्या आणि हरल्या. इंदूरच्या सर्वांत प्रसिद्ध बाई भोपाळच्या विधानसभेत आमदार म्हणून एक दिवसही बसल्या नाहीत, हे अनेक इंदूरकरांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

मग राज्याच्या राजकारणात दीर्घ काळ टिकलेली बाई पाहायची असेल तर शेजारच्या धार जिल्ह्यात जावं लागतं. जमुनादेवी. आदिवासी समाजातल्या, लोक त्यांना बुआजी म्हणत. १९५२ ला पहिल्याच निवडणुकीत त्या मध्यभारताच्या विधानसभेत पोचल्या, तेव्हा आजचं मध्यप्रदेश अजून बनलंही नव्हतं. १९६२ ला झाबुआतून लोकसभेत गेल्या. पण त्यांचं खरं काम भोपाळमध्ये. दिग्विजय सिंहांच्या सरकारात उपमुख्यमंत्री, आणि पक्षाची सत्ता गेल्यावर विधानसभेत विरोधी पक्षनेत्या. राज्यात या दोन्ही पदांवर पोचलेल्या त्या पहिल्या बाई. स्वतःच्या सरकारलाही त्या तोंडावर सुनावत. २०१० मध्ये इंदुरातच त्या गेल्या. आमच्या मराठी घरांमध्ये त्यांचं नाव फार निघत नाही, याचं मला वाईट वाटतं. ताईंबद्दलचा अभिमान साहजिक आहे, त्या आपल्या बोलीच्या. पण राज्य चालतं कसं हे शिकायला बुआजींची साठ वर्षं जास्त उपयोगी आहेत.

विरोधी पक्षनेता म्हणजे नुसता ओरडणारा माणूस अशी एक समजूत आहे. सरकारनं किती पैसे कुठे खर्च केले याची तपासणी करणारी लोकलेखा समिती असते, तिचं अध्यक्षपद सहसा विरोधकांकडे देण्याची पद्धत आहे. अर्थसंकल्पावरच्या चर्चेत सरकारच्या समोर उभं राहून उत्तर मागायचं ते याच खुर्चीतून. ते काम कुक्षीसारख्या आदिवासी भागातून आलेल्या बाईनं केलं.

आता १९८९. इंदूरच्या लोकसभेच्या जागेवर प्रकाशचंद्र सेठी होते. राज्याचे माजी मुख्यमंत्री, देशाचे माजी गृहमंत्री. त्यांच्यासमोर भाजपनं उभं केलं ते विधानसभेत हरलेल्या, वयानं सेहेचाळीस वर्षांच्या ताईंना. प्रचारात ताईंनी घरातलीच उपमा काढली: मी इंदूरची सून आहे, आता घराची किल्ली सुनेच्या हाती द्या. सेठींची निंदा नाही, त्यांच्या मोठेपणाला हात नाही. सासऱ्यांना मान देऊन किल्ली मागितली, आणि ती मिळाली. चिपळूणच्या मुलीनं 'बहू' या एका शब्दात हिंदी आणि मराठी दोन्ही इंदूर कवेत घेतलं. ज्या शहराची ओळखच होळकरांच्या सुनेमुळे, अहिल्याबाईंमुळे आहे, तिथे सून या शब्दाला काय वजन असतं हे बाहेरच्यांना सांगूनही कळायचं नाही. त्या वेळी अख्ख्या लोकसभेत निवडून आलेल्या बायका तिशीच्याही आत होत्या.

पुढचं सगळं सोपं होतं असं समजू नका. २००९ मध्ये ताई निवडून आल्या त्या साधारण साडेअकरा हजार मतांनी, लोकसभेच्या मानानं केसभर फरकानं. त्याच ताई २०१४ मध्ये साडेचार लाखांहून जास्त मतांनी आल्या, आणि दोन्ही वेळा समोरचा उमेदवार एकच होता, काँग्रेसचे सत्यनारायण पटेल. देशातली हवा आणि आपलं काम यांत मतांची विभागणी कशी होते याचा विचार करायला ही एक जोडी पुरेशी आहे.

खासदार प्रत्यक्षात करतो काय? कायदे करतो, प्रश्न विचारतो, सरकारच्या खर्चाला मंजुरी देतो किंवा नाकारतो. 'खासदार निधी' ही फार नंतरची गोष्ट. ती योजना डिसेंबर १९९३ मध्ये आली, म्हणजे ताईंच्या पहिल्या चार वर्षांत असा पैसाच नव्हता. आज ही रक्कम वर्षाला ५ कोटी रुपये आहे. ऐकायला मोठी वाटते, पण लोकसभेच्या एका मतदारसंघात आठ-आठ विधानसभा येतात, त्यांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला साठ-पासष्ट लाख. आणि खासदार फक्त शिफारस करतो, मंजुरी आणि खर्च जिल्हाधिकाऱ्याकडून होतो. म्हणून 'ताईंनी पैसे दिले नाहीत' किंवा 'ताईंनी पैसे दिले', दोन्ही वाक्यं अर्धीच खरी असतात.

खासदाराच्या खऱ्या कामाची गती बघायची असेल तर इंदूर-मनमाड रेल्वे घ्या. आमच्यासारख्यांसाठी हा जिव्हाळ्याचा विषय. इंदुरातल्या मराठी घराचा एक पाय इथे आणि एक नाशकात, पुण्यात किंवा मुंबईत असतो. लग्न, श्राद्ध, बाळंतपण, सगळ्यासाठी जायचं, आणि गाडी लांबचा वळसा घालून जाणार. थेट मार्गाची मागणी किती जुनी, तर माझ्या आजीच्या तोंडून मी ती लहानपणी ऐकली. खासदार म्हणून ताई ती वर्षानुवर्षं मांडत राहिल्या. केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती सप्टेंबर २०२४ मध्ये: ३०९ किलोमीटर, १८ हजार कोटींच्या वर खर्च. तोवर ताईंना लोकसभा सोडून पाच वर्षं झाली होती. रेल्वेची कामं अशीच असतात, एकाच्या कारकिर्दीत पेरायचं आणि दुसऱ्याच्या कारकिर्दीत उगवायचं. पाच वर्षांच्या निवडणुकीत ती मोजता येत नाहीत.

राज्यमंत्रिपदाबद्दल थोडक्यात, कारण गोंधळ फक्त शब्दाचा आहे. 'राज्यमंत्री' म्हणजे राज्याचा मंत्री नव्हे. केंद्रात वरच्या पायरीवर कॅबिनेट मंत्री, त्याच्याखाली स्वतंत्र कार्यभार असलेला राज्यमंत्री, आणि त्याच्याखाली नुसता राज्यमंत्री, जो कॅबिनेट मंत्र्याच्या हाताखाली वाटून दिलेलं काम बघतो. वाजपेयी सरकारात ताई आधी मनुष्यबळ विकास, मग दळणवळण आणि माहिती-तंत्रज्ञान, मग पेट्रोलियम या खात्यांत या तिसऱ्या पायरीवर होत्या. अंतिम सही त्यांची नसे.

आणि मग ६ जून २०१४. सोळाव्या लोकसभेच्या अध्यक्षपदी ताईंची बिनविरोध निवड झाली. मीरा कुमार यांच्यानंतर या खुर्चीत बसलेल्या त्या दुसऱ्याच बाई. आणखी एक जुळणारा धागा मला फार आवडतो. पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे मराठी घरातले, जन्म वडोदऱ्याचा. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी गावांनी या खुर्चीला दोन माणसं दिली, एक गायकवाडांच्या राजधानीतून आणि एक होळकरांच्या.

अध्यक्षपद सगळ्यांत मानाचं, आणि समजायला सगळ्यांत अवघड. दूरदर्शनवर आपल्याला दिसतं ते "बैठ जाइए, बैठ जाइए". प्रत्यक्षात या खुर्चीत चार मोठ्या ताकदी आहेत. बोलायला कुणाला द्यायचं आणि गोंधळ घालणाऱ्याला बाहेर कधी काढायचं, ही पहिली. एखादं विधेयक 'धन विधेयक' आहे की नाही हे ठरवणं ही दुसरी. तसा शिक्का अध्यक्षांनी मारला की राज्यसभा ते अडवू शकत नाही, फार तर सूचना करू शकते. पक्ष बदललेल्या खासदाराला अपात्र ठरवायचं का, ही तिसरी, १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं आलेली. आणि विरोधी पक्षनेता म्हणून कुणाला मान्यता द्यायची, ही चौथी. मत मात्र अध्यक्ष एरवी देत नाहीत, दोन्ही बाजूंना समसमान मतं पडली तरच देतात.

या चारांपैकी तीन ताकदी ताईंच्या काळात तापल्या. २०१४ मध्ये काँग्रेसला ४४ जागा मिळाल्या. सभागृहाच्या दहाव्या हिश्शाइतके, म्हणजे किमान ५५ सदस्य हवेत या जुन्या प्रथेचा आधार घेऊन ताईंनी विरोधी पक्षनेतेपद नाकारलं. ऐंशीच्या दशकात दोन लोकसभांमध्ये असा नेता नव्हता, हा दाखला त्यांच्या बाजूनं होता. पण १९७७ च्या कायद्यात दहा टक्क्यांची अट लिहिलेली नाही, तिथे सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचा आणि अध्यक्षांनी मान्यता दिलेला नेता एवढंच म्हटलंय. मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं, की प्रथा ताणून मोठं मन दाखवता आलं असतं. ताईंबद्दलचा माझा आदर त्यामुळे कमी होत नाही.

३ ऑगस्ट २०१५ ला त्यांनी काँग्रेसच्या २५ खासदारांना पाच दिवसांसाठी निलंबित केलं. त्या वेळच्या गदारोळात एक मागणी व्यापम प्रकरणावरून, म्हणजे भरती-प्रवेश परीक्षांतल्या घोटाळ्यावरून, आमच्याच मुख्यमंत्र्यांच्या राजीनाम्याची होती, म्हणजे मध्यप्रदेशाचाच विषय दिल्लीत पेटलेला, आणि वर खुर्चीत मध्यप्रदेशाच्याच बाई. नियम सांगतो की हौद्यात उतरून जाणूनबुजून कामकाज अडवणाऱ्याचं नाव अध्यक्षांनी घेतलं की तो आपोआप निलंबित होतो. नियम होता, म्हणून कारवाई कायदेशीर होती. ती शहाणपणाची होती का, यावर लोकांची मतं वेगळी असतील आणि असावीत. २०१६ मध्ये आधारच्या विधेयकावर त्यांनी धन विधेयकाचा शिक्का मारला. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये बहुमतानं तो मान्य केला, एका न्यायमूर्तींनी सविस्तर विरोध नोंदवला.

पण या सगळ्यात एक गोष्ट आम्हा इंदूरकरांच्या लक्षातच आली नाही. अध्यक्ष झालेला खासदार चर्चेत भाग घेत नाही आणि मंत्र्यांना प्रश्न विचारत नाही. म्हणजे इंदूरची खासदार देशातल्या सर्वांत उंच संसदीय खुर्चीत बसली, आणि त्याच क्षणी सभागृहात इंदूरचं नाव घेऊन उभं राहणारं कुणी उरलं नाही. मंत्र्यांना आपल्या दालनात बोलावता येतं, पत्र लिहिता येतं, सगळं खरं. तरी लोकांना वाटतं तशी पद वाढलं की गावाची कामं वाढतात असं नसतं. कधी कधी पद वाढतं आणि तोंड बंद होतं.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले तो मुद्दा. खालच्या खुर्चीत आज बायका भरपूर आहेत. मध्यप्रदेशात महापालिकांच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. वर बघा: २०२३ मध्ये विधानसभेच्या २३० जागांवर २७ बाया निवडून आल्या. इंदूर जिल्ह्यातल्या नऊ जागांवर दोन, मालिनी गौड आणि महूच्या उषा ठाकूर. २०२४ मध्ये राज्यातून लोकसभेच्या २९ जागांवर सहा. गल्लीत निम्म्या असलेल्या बाया भोपाळला पोचेपर्यंत नवव्या हिश्शावर कशा येतात?

मतदार नाकारतात म्हणून, असं मला वाटत नाही. इंदूरनं एका बाईला आठ वेळा निवडून दिलं. गाळणी लागते ती तिकिटाच्या वेळी. आणि त्याआधी सोडतीच्या वेळी. कुठला वॉर्ड बायकांसाठी राखीव, हे दर निवडणुकीला सोडतीनं बदलतं. एखादी बाई पाच वर्षं राबते, झोन ऑफिसातल्या प्रत्येक बाबूला नावानं ओळखू लागते, कुठल्या गल्लीत लाइन किती इंची आहे हे तिला तोंडपाठ होतं. मग सोडत निघते, तिचा वॉर्ड खुला होतो, आणि पक्ष म्हणतो, आता भाऊसाहेबांना संधी देऊ. तिचा अनुभव तिथेच संपतो. ताईंना उपमहापौर झाल्यावर हरूनही पुढचं तिकीट मिळालं, हे त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यांत महत्त्वाचं वळण. हरलेल्या बाईवर पक्षानं पुन्हा विश्वास टाकणं आजही विरळा.

विधानसभा आणि लोकसभेत बायकांसाठी एक-तृतीयांश जागांचं विधेयक पहिल्यांदा आलं सप्टेंबर १९९६ मध्ये. ताई तेव्हा तिसऱ्यांदा खासदार होत्या. ते पुन्हा पुन्हा मांडलं गेलं, फाडलं गेलं, लोकसभा विसर्जित झाली की बुडालं. २०१० ला राज्यसभेत मंजूर झालं आणि लोकसभेत अडकलं. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं, तेव्हा ताई घरी होत्या. त्यातही अट होती की आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, आणि मगच राखीव जागा.

ताई निवडणुकीच्या राजकारणातून बाजूला झाल्या त्याही एका पत्रानं. २०१९ मध्ये इंदूरचा उमेदवार पक्ष जाहीर करेना. इकडे पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट नाही अशी चर्चा, ताईंना शहात्तर पूर्ण व्हायला आठवडा उरलेला. ५ एप्रिलला त्यांनी जाहीर पत्र लिहून आपण लढणार नसल्याचं सांगितलं, पक्षाला संकोच नको म्हणून. आमच्या घरी त्या दिवशी जेवताना कुणी फारसं बोललं नाही. माझे बाबा ताईंचे मतदार नव्हते, पक्ष म्हणून तर कधीच नाही. तेसुद्धा म्हणाले, "तीस वर्षांच्या माणसाला असं ताटकळत ठेवू नये."

तर काकूंचं चेंबर. आमच्या गल्लीच्या तोंडाशी निळी पाटी आहे. त्यावर पार्षदाचं नाव, बाईचं. त्याखाली त्यांच्या यजमानांचं नाव, जरा मोठ्या अक्षरांत, आणि मोबाइल नंबर यजमानांचाच. आमच्याकडे अशांना 'पार्षद-पती' म्हणतात, जणू तेही घटनेनं दिलेलं पद आहे. सभेला ते जातात, दरोग्याला ते दटावतात, बाई सहीपुरत्या. मी काकूंना तो नंबर लावून दिला. त्यांनी खराटा भिंतीला टेकवला, पदराला हात पुसले आणि फोन कानाला लावला.

"भैया, आप नहीं. मैडम को दीजिए. वोट उनको दिया है मैंने."

पलीकडून काहीतरी बोलणं झालं. काकू ऐकत राहिल्या आणि पुन्हा शांतपणे म्हणाल्या, "हाँ, तो मैं रुकती हूँ." दोन-तीन मिनिटं गेली असतील. अंगणातलं पाणी पायरीपर्यंत आलं होतं. मग फोनमधून एका बाईचा आवाज आला, मलाही ऐकू येईल इतका: "जी आंटी, बोलिए. कौन-सी गली?"